सूनबाई मागेच राहिली

हळू, बाई, हळू — पोटरी आहे ती माझी, पिळायचं फडकं नाही. हां, तिथंच. तिथंच गाठ आलीय. आणि ती बाहेर उभी आहे ना, तंबूच्या दाराशी, माझं जाकीट छातीशी धरून, ती कोण म्हणून विचारत होता ना तुम्ही — ती माझी सून. नाही, लेक नाही. सून. सगळ्यांना लेकच वाटते, तुमचा काही दोष नाही त्यात. तिला बसायला सांगू नका, सांगून बसायची नाही ती. मी उभी तर ती उभी, मी बसले तरी ती उभी, आणि मी अशी पालथी पडले तरी ती आपली उभीच. काय गुणी पोर, म्हणता? म्हणा, म्हणा. सकाळपासून जो भेटतोय तो तेच म्हणतोय. मला मात्र शिसारी आलीय. खरं सांगते, शिसारी. मघाशी शेवटच्या रेषेपाशी कुणीतरी ओकून ठेवलं होतं आणि त्याच्यावरून सगळे पाय देऊन जात होते, ते बघूनसुद्धा मला एवढं मळमळलं नाही.

तुम्ही पळत नाही ना? नाहीच, तुमच्या हातांवरून कळतं, पळणारी बाई पोटरी अशी धरत नाही. मग तुम्हाला नीट सांगायला पाहिजे. ही शर्यत म्हणजे सगळा चढ. खाली बस डेपोपासून सुरू होते, थोडं सपाट, मग गोदामांच्या मागून पहिला चढ, मग उतार — तो उतार मेला फसवा, माणूस खुशीत सुटतो आणि मांड्या तिथंच संपतात — मग दुसरा चढ, आणि मग हा शेवटचा, वळणावळणांचा, थेट इथं टॉवरच्या पायथ्यापर्यंत. रस्ता डांबरी, चांगला गुळगुळीत, गाडीतून गेलात तर चढ आहे हे कळणारसुद्धा नाही. पायांना कळतं. तर आमच्या क्लबातल्या पहिल्या तीन बायका या शर्यतीवरून निवडतात आणि त्या तिघींना पुढे मोठ्या शर्यतीला पाठवतात — लांब, परमुलखात, खऱ्या डोंगरात. विमानानं. पहिल्या दोघी ठरलेल्या, एक पोस्टातली आणि एक दातांची डॉक्टरीण, त्यांच्या आसपास कुणी फिरकत नाही. भांडण असतं ते तिसऱ्या जागेचं. आणि ती तिसरी जागा इतकी वर्षं कुणी ना कुणी माझ्या नाकासमोरून नेली हो. एकदा एका कॉलेजातल्या पोरीनं नेली, एकदा तर एका नुकत्याच बाळंत झालेल्या बाईनं — घरी बाळ रडतंय आणि ही बया माझ्यापुढे. यंदा त्यातलं कुणी नव्हतं. यंदा होतो आम्ही दोघी. सासू आणि सून. सगळा क्लब माना लांब करून बसला होता मजा बघायला.

तर मी तिसरी आले. आले ना — काळजी करू नका, अभिनंदन नका करू, ऐका आधी. पुढे मी, मागे ती, आणि अंतर म्हणाल तर हात मागे केला असता तर तिच्या नाकाला लागला असता. एवढं. आणि तो लाउडस्पीकरवाला — त्याला कुणी बोलवलं होतं कोण जाणे, आवाज असा की जुन्या गाड्या विकतोय — तो काय म्हणतो, पाहा मंडळी, सासूबाई पुढे आणि सूनबाई मागे, याला म्हणतात मर्यादा. असं म्हणाला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. एक बाई तर डोळे पुसत होती. मी तिथं गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेली, तोंडातून लाळ गळतेय, कानात नुसतं भणभण, आणि हे लोक तिच्याकडं बघून टाळ्या वाजवतायत. माझ्याकडं नाही. मी जिंकले आणि कौतुक तिचं. ती हरली म्हणून कौतुक. सांगा मला, पळायची शर्यत आहे की लग्नाची वरात? कुणी पुढे चालायचं नि कुणी मागे, हे काय पळताना बघतात?

थोडं वर — गुडघ्याच्या मागे. हां.

तिला दमसुद्धा लागला नव्हता. तुम्हाला वाटेल मी असंच म्हणतेय, पण माझं बारा महिने काम कानांचं आहे — नाही, तसं नाही, दुकान आहे आमचं, कपडे धुवायचं, ड्रायक्लीनिंगचं. पुढे काउंटर, तिथं सूनबाई. मधे यंत्रं, तिथं आमचे चिरंजीव. आणि सगळ्यात मागे इस्त्रीची खोली, तिथं मी, वाफेत. खिडकी नाही. कुठलं यंत्र कधी थांबलं, पुढे गिऱ्हाईक चिडलंय की हसतंय, हे मला कानांनीच कळतं. तर माझ्या मागे ती कशी पळत होती ते मला डोळ्यांनी बघायची गरज नव्हती. तोंड मिटलेलं. श्वास नाकातून, सावकाश, कुणी झोपलंय शेजारी असा. बूट कसे, तर टप टप टप, हलके. आणि माझं चाललं होतं फस् फस् फस्, प्रेसचं झाकण दाबल्यासारखं. त्या शेवटच्या चढावर ती माझ्या मागे पळत नव्हती, बाई, ती माझ्या मागे चालत होती. मला सांभाळून. म्हाताऱ्या माणसाला जिन्यावरून उतरवताना मागे राहतात ना, पडलं तर धरायला — तशी.

आणि घरीही तसंच. तुम्ही म्हणाल वाईट काय त्यात. वाईट हेच. सकाळी न्हाणीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी — आई, तुमचं होऊ दे. टीव्ही लावला की, आई, तुम्ही काय बघणार? मी मुद्दाम म्हणते, तू लाव तुला हवं ते. तर लावते काय, माझीच मालिका, जी मला आता आवडतही नाही. भाजी खारट झालीय का विचारलं तर म्हणते, मला चालतं. अहो, चालतं काय? खारट आहे की नाही ते सांग. कधी उलटून बोलणार नाही, कधी दार आपटणार नाही, चेहऱ्यावर ते हसू, दिवसभर, काउंटरवर ठेवतात ना — तसं. हिच्या आधी माझी सासू होती, तिच्याशी मी कडाकडा भांडायचे. भांडून झालं की आम्ही दोघी एका ताटात जेवायचो. ही भांडतच नाही. हिच्याशी कसं राहायचं ते मला कुणी सांगत नाही. शेजारणी म्हणतात नशीब काढलंस. कसलं नशीब. गोड खाऊन खाऊन तोंडाला मिठी बसावी तसं झालंय मला.

पळायला ती माझ्यामुळंच लागली. हे गेल्यावर घरात भिंती अंगावर यायच्या, म्हणून मी संध्याकाळी दुकान बंद करून पळायला लागले — आधी नुसतीच तळ्याभोवती, मग क्लबात. ही यायची पाण्याची बाटली घेऊन, सायकलवर. मग एक दिवस सायकल पंक्चर, तर ही आपली बाटली हातात घेऊन माझ्याबरोबर पळाली, चपलांत. चपलांत हो. आणि थकली नाही. आमचा कोच — शिट्टी म्हणतो आम्ही त्याला, तोंडातली शिट्टी काढून तो फक्त जेवतो — त्यानं तिथंच तिला हेरलं. म्हणाला, ही बाई चढावर पळायला जन्मलीय. मला हे तो कधी म्हणाला नाही. मला म्हणायचा, चिकाटी आहे तुमच्याकडं. चिकाटी. गोंदाला म्हणतात तसं.

नाही, मला तिचं वाईट नाही वाटलं तेव्हा. मी बूट घेऊन दिले तिला. चांगले. माझ्याहून चांगले. माझी ना, नाही म्हटलं तरी, इच्छाच होती की घरात कुणीतरी असावं जे माझ्याशी खरं लढेल. हे तुम्हाला म्हणून सांगते — बाहेर तिला ऐकू जात नसेल ना? वारा आहे, नाही जायचं. गेल्या आठवड्यात मी इस्त्रीच्या खोलीत होते. त्या खोलीची भिंत म्हणजे फळ्या नुसत्या. यंत्र थांबलं होतं आणि हे दोघं पलीकडं बोलत होते, नवराबायको. मी काही कान लावून बसले नव्हते, पण कान काय काढून ठेवता येतात? तर ही त्याला म्हणते — आवाज हाच, पण हसू नाही त्यात — म्हणते, या वेळी मी थांबणार नाही, आईंना राग आला तरी चालेल, मला जायचंय तिकडं. मला तो डोंगर बघायचाय. आणि आमचे चिरंजीव काय म्हणतात, जाऊ दे ना, तिची शेवटचीच वेळ असेल, तू पुढच्या वर्षी जा. शेवटचीच वेळ. माझ्या पोटचा पोरगा. तर ती म्हणाली, नाही, मी पळणार. असं म्हणाली. शाब्बास, म्हटलं मी. हातात कुणाचा तरी लग्नाचा कोट होता, त्याची बाही चरचरायला लागली तोवर मी तशीच उभी. मला बरं वाटलं. खोटं नाही सांगत, बरं वाटलं. आली एकदाची माणसात, म्हटलं.

आणि आज काय केलं तिनं, तर हे. परत ते मागे मागे, परत ते आई तुमचं होऊ दे. म्हणून मला किळस येते. कमावलेली जागा असती तर छातीला लावून नेली असती. ही कुणीतरी ताटात वाढलेली जागा. ही घेऊन विमानात बसायचं कसं मी? त्या डोंगरावर उभी राहिले तरी मला काय दिसणार — हिचं ते हसू. मी तिला स्पष्ट सांगितलं होतं हो. चढावरच सांगितलं. शेवटून दुसऱ्या वळणावर. म्हटलं, जा पुढे. माझ्यासाठी थांबू नको, जा. याहून सासूनं काय करायचं असतं?

तिथं जोर कमी करा — आई गं. नाही, चालू दे. दुखलं म्हणून थांबायचं नाही, माझी ती सवयच नाही.

काय म्हणालात? नाही नाही, ती आलीच होती शेजारी. हो. ते सांगायचं राहिलं. त्या वळणाच्या आधी आली होती. आतल्या बाजूनं आली, अगदी कोपराला कोपर, मला तिचा चेहरा दिसला — आणि बाई, तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. हसू नाही, काही नाही. नुसता पुढे बघणारा. वर टॉवर दिसायला लागला होता ना, तिथं. मी माझ्या घरात इतकी वर्षं त्या पोरीबरोबर जेवतेय, पण तो चेहरा मी आज पहिल्यांदा बघितला. आणि ती पुढे निघालीच होती. एक पाऊल, दोन पावलं, तिचा खांदा माझ्या खांद्याच्या पुढे. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, परत मागे. तसंच टप टप टप, मागे. कच खाल्ली. ऐनवेळी कच खाल्ली बघा, दुसरं काय. काही माणसांच्या अंगात ते नसतंच.

मी काय म्हटलं तेव्हा? सांगितलं ना तुम्हाला, जा म्हटलं. — नाही, तोंडानं म्हणजे — अहो, त्या चढावर कुणी तोंडानं बोलतं का? तिथं श्वास पुरत नाही, बोलताय काय. तुम्ही पळत नाही म्हणून तुम्हाला वाटतं. आमच्या क्लबात चढावर हातानंच सांगायचं असतं, नियमच आहे तसा, नव्या बायकांना मीच शिकवते. वाट द्यायची असली की कोपरापासून हात पुढे टाकायचा, असा — थांबा, हात खालून काढू दे — असा. आणि मागून गाडीबिडी येत असली, मागच्यानं मागेच राहायला हवं असलं, की हात मागे करायचा, कमरेपाशी, तळवा तिच्याकडं करून, असा. तर मी हात केला. केला ना. एवढं स्पष्ट सांगितलं मी तिला. असा.

असा — नाही. तसा नाही. पालथी पडलेय म्हणून तसं दिसतंय तुम्हाला. उभं असताना वेगळं दिसतं. — अहो, धापा टाकताना हात कुठं जातो ते माणसाला कळतं का? घाम पुसायला गेला असेल. — आणि गाडी येत होती मागून. मला ऐकू आली. — हो, माहीतेय मला, शर्यतीला रस्ता बंद असतो. असतो बंद. रुग्णवाहिका असेल. नाही तर तो फोटोवाला मोटारसायकलवरचा. काहीतरी होतं. तुम्ही काय तिथं होता? तुम्ही इथं तंबूत तेल लावत बसला होता. सुनेला मागे हटवणारी सासू वाटते का मी तुम्हाला? बूट घेऊन दिले मी तिला. शाब्बास म्हटलं मी, त्या खोलीत, मोठ्यांदा म्हटलं — म्हणजे मनात. मनातल्या मनात, पण मोठ्यांदा. मी कुठं गेले नाही हो कधी. दुकान, घर, दुकान. वाफेत उभी राहून लोकांचे प्रवासाचे कपडे इस्त्री केले जन्मभर, त्यांच्या खिशातून वाळू निघायची, विमानाची तिकिटं निघायची. तिच्यापुढे सगळं पडलंय. तिला काय, ती पुढच्या वर्षी —

माझा मुलगा म्हणाला ते. मी नाही म्हणाले.

आणि तिनं तरी ऐकावं का? ज्याला पुढे जायचं असतं तो हाताकडं बघत नाही. मी बघितलं नसतं. माझ्या सासूनं हात केला असता, दोन्ही हात केले असते, रस्त्यात आडवी पडली असती, तरी मी तिला ओलांडून गेले असते. गेले असते आणि वरून तिला हाक मारली असती. हिनं ऐकलं. असा एक हात मी करते काय आणि ही मागे सरते काय. मला माझ्या या हाताचीच — जाऊ दे. चोळा. चोळा तुम्ही.

कोण? — आमच्या क्लबाचे कॅप्टन का? आत नका येऊ, मी अर्धी उघडी पडलेय इथं, बाहेरूनच बोला. — हो, ऐकू येतंय. — काय? फरक नाहीच म्हणता? — हो, तेही कळलं, घड्याळात दोघींची वेळ एकच लागलीय, मग क्लबानं ठरवायचं. ठरवा की. मला काय विचारता? — ती म्हणाली असं? आईंनाच विचारा, म्हणाली? — तुमच्या शेजारीच आहे का ती आत्ता? — आणि शिट्टी काय म्हणतो? — तो तिचं नाव म्हणतोय. म्हणणारच. — म्हणजे मी म्हणेन ती. मी म्हणेन ती जाणार, असं ना?

थांबा जरा. विचार कसला, पायात गोळा आलाय, म्हणून थांबा म्हटलं.

मी. — हो, मी. माझंच नाव द्या. नीट ऐकू नाही आलं? मी जाणार. आधी कोण पोचलं ते सगळ्यांनी बघितलंय, लाउडस्पीकरवर सांगितलंय, टाळ्या पडल्यात. — काय म्हणतेय ती? — हसतेय? बरं. हसू दे. जा तुम्ही, नाव द्या जाऊन.

आणि तुमचे हात का थांबले, बाई? माझं तोंड खाली आहे, मला दिसत नाही, पण कळतं मला. काही बोलू नका. दुसरा पाय राहिलाय अजून. तुमचं काम पोटरीपुरतं. चोळा.